उघडलेलं कपाट

१२ फेब्रुवारी

ताई,

पत्र बघून तुला वाटेल, याचा फोन बिघडला की काय. फोन धडधाकट आहे, म्हणूनच पत्र लिहितोय. गोदीत आता प्रत्येकाच्या फोनमध्ये कंपनीचं ॲप टाकलंय. हजेरीसाठी आहे म्हणतात. पण आमच्यातला एक वेल्डर सुट्टीच्या दिवशी कुठे गेला होता, हे साहेबांनी त्यालाच ऐकवलं. तेव्हापासून आम्ही फोनवर फक्त हवापाण्याच्या गप्पा मारतो. ते काय ऐकतात आणि काय नाही, कोणाला धड माहीत नाही. हे माहीत नसणंच जास्त छळतं.

परवा मला क्रेनवरून खाली बोलावलं. लघवीची तपासणी. आतापर्यंत बाटली द्यायचे, आपण आत जायचं, बाटली आणून द्यायची, झालं. आता नवा नियम. संडासाचं दार उघडं आणि बाजूला गार्ड उभा. आपला मुलगा शोभेल अशा वयाचा. म्हणाला, "काका, जरा इकडे वळा, मला दिसलं पाहिजे." मला होईना. तो बिचारा छताकडे बघत होता, मी भिंतीकडे. बाहेर तिघे नंबर लावून उभे आणि त्यांचे विनोद चाललेले. पाणी पिऊन आलो, परत उभा राहिलो. शेवटी जमलं एकदाचं. वर क्रेनच्या केबिनमध्ये जाऊन बसलो तरी मान वर करवेना.

तुला ठाऊक आहे, ही तपासणी मागणाऱ्यांत मी पुढे होतो. मिस्त्री गेला तेव्हा. क्रेनवरचा माणूस पिऊन बसला होता, कंटेनर झुलला, आणि खाली मिस्त्री. त्याला बाहेर काढणाऱ्यांत मी होतो. म्हणून मीच म्हणालो होतो, आम्हाला तपासा. अब्रू काढा असं म्हणालो नव्हतो. आता लॉकर उघडतात, डबा उघडतात, पिशवी टेबलावर उलटी करतात. हिने दिलेले जास्तीचे मोजेसुद्धा गार्डने आतून बाहेर करून पाहिले.

तुझ्या पोरी कशा आहेत? दाजींचा गुडघा?

तुझा
टिल्लू


२० फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं अक्षर अजून तसंच आहे, दवाखान्यातल्या चिठ्ठीसारखं. दाजींनी भिंग घेऊन वाचलं. त्यांचा गुडघा बरा आहे, तक्रारी त्याहून बऱ्या आहेत.

तुझ्या पत्रावर मी हसणार होते, पण हसले नाही. उघड्या दाराचं वाईट वाटलं. तरीही सांगते, तू फार मनाला लावून घेतोयस. दोन मिनिटांचं काम. बाटली भरून द्यायची आणि मोकळं व्हायचं. तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय? मोजेच ना?

मी हे बसल्या जागेवरून बोलत नाही. तुला माहीत आहे, कॉलेजच्या हॉस्टेलची रेक्टर म्हणून मुलींची कपाटं मी दर महिन्याला उघडते. मला मागून काय काय नावं ठेवतात तेही मला माहीत आहे. पण गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या कपाटात, स्वेटरच्या घडीत, मला झोपेच्या गोळ्या सापडल्या. मूठभर. एकेक करून साठवलेल्या. आदल्याच दिवशी ती पोरगी कॅरम जिंकून सगळ्यांना चिडवत होती. मी तिच्यावर विश्वास ठेवून कपाट बंद ठेवलं असतं, तर तिच्या आईला काय सांगितलं असतं? आज ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्याशी बोलत नाही. न का बोलेना, जिवंत आहे.

तेव्हा लाज ही गोष्ट मला जरा कमी महत्त्वाची वाटायला लागली आहे. तूही थोडी सोडून दे. बायकोला म्हणावं, मोज्यांचे दोन जोड जास्त देत जा, गार्डचा वेळ चांगला जाईल.

ताई


६ मार्च

ताई,

तुला सांगायचं नव्हतं, पण ही म्हणाली, दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा तूच सांग. तपासणीत काहीतरी निघालं. झोपेच्या गोळ्यांच्या जातीचं काहीतरी, असं म्हणतात. मला कामावरून बसवलंय.

सेफ्टी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दोन कारकून समोर, चहावाला कप ठेवतोय, दार सताड उघडं. साहेब म्हणाले, "कुठली कुठली औषधं घेतोस, सगळी सांग."

मी म्हणालो, "डॉक्टर बसवा, त्यांना सांगतो. इथे नाही."

"म्हणजे घेतोस?"

"मी नशा करत नाही. मोठ्या लॅबमध्ये दुसरी तपासणी करा, कळेल."

"मग सांगायला काय अडचण आहे? लपवणाऱ्याबद्दल आम्ही काय समजायचं?"

कारकून माझ्याकडे असे बघत होते की मी खुर्चीत असूनही उभा असल्यासारखं वाटलं.

युनियनचे सेक्रेटरी चांगले आहेत. त्यांनी चौकशी केली. पहिली तपासणी ढोबळ असते, काही साधी औषधंही तिच्यात नशेच्या गोळ्यांसारखी दिसतात. त्यांनी कंपनीपुढे मागणी ठेवली आहे. दुसरी तपासणी व्हावी. बाहेरचा डॉक्टर नेमावा. मी त्याच्याशी एकट्यानं बोलेन. तो माझ्या डॉक्टरांशी बोलेल. आणि कंपनीला तो एवढंच सांगेल की हा माणूस क्रेन चालवायला लायक आहे की नाही. कारण सांगणार नाही. कंपनी जवळजवळ तयार झाली आहे. हे जमलं तर माझ्यापुरतं नाही, सगळ्यांसाठी जमेल. महिनाअखेरीला बैठक आहे.

मी काही चुकीचं घेत नाही. एवढ्यावर विश्वास ठेव आणि पुढचं विचारू नकोस. दाजींनाही सध्या काही सांगू नकोस.

टिल्लू


११ मार्च

टिल्लू,

पुढचं विचारू नको म्हणतोस. मी नाही विचारायचं तर कोणी विचारायचं? नशा करत नाहीस, मग सांगत का नाहीस? साधं औषध असेल तर त्याचं नाव तोंडातून निघायला काय होतं?

बाबाही असेच म्हणायचे, मला काही झालेलं नाही, पुढचं विचारू नका. आपण नाही विचारलं.

पुढच्या शनिवारी येते आहे. दोन दिवस राहीन. स्टँडवर यायची गरज नाही.

ताई


२४ मार्च

टिल्लू,

सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारच्या बाईने सगळा रस्ता तिच्या जावयाची कथा सांगितली, त्यामुळे झोप लागली नाही, पण जावई कसा नसावा ते कळलं.

तू बारीक झाला आहेस. बोलताना हात खिशात घालून बसत होतास. मी काही बोलले नाही, कारण तुला चिडवायचं नव्हतं. तुझी बायको गुणाची आहे, पण तीही तुझ्यासारखीच तोंड मिटून बसते. तुम्हा दोघांच्या घरात फक्त कुकर मोकळेपणानं बोलतो.

मला आता पहिल्यासारखी काळजी नाही. का, ते विचारू नकोस. येण्यापूर्वी मनात नाही नाही ते येत होतं, ते गेलं. आणि निघताना माझ्या परीनं एक गाठही सोडवून आले आहे. बैठकीला जाशील तेव्हा कळेल. तिकडची माणसं तू समजतोस तितकी वाईट नाहीत. आपण नीट समजावून सांगितलं की समजून घेतात.

नीट जेव. बैठकीनंतर लगेच कळव.

ताई


२ एप्रिल

ताई,

बैठक झाली. लगेच कळव म्हणाली होतीस. दोन दिवस पेन हातात धरवलं नाही.

आधी चांगली बातमी. मोठ्या लॅबचा निकाल आला. नशेचं काहीही नाही. सेक्रेटरींनी कागद टेबलावर ठेवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, संपलं.

तेव्हा सेफ्टी साहेब म्हणाले, अगदी मायेनं, "अरे, आधीच सांगायचंस ना. तुझ्या ताई येऊन गेल्या. किती जीव आहे त्यांचा तुझ्यावर." आणि गोळीचं नाव घेतलं. ती कशावर देतात तेही सांगितलं. खोलीत सातआठ माणसं होती. ताई, माझ्या सेक्रेटरींनाही ते माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पुढे साहेब म्हणाले, "मन ठिकाणावर नसलेल्या माणसाला त्या उंचीवर, तेवढ्या वजनापाशी आम्ही कसं बसवायचं? उद्या काही झालं तर?" बाहेरच्या डॉक्टरची मागणी तिथेच पडली. कशाला हवा डॉक्टर, सगळं कळलंच आहे. मला क्रेनवरून काढून खाली इशारे द्यायला ठेवलंय. पुढचा निर्णय होईपर्यंत. पुढचा म्हणजे कधीचा, ते कोणी सांगत नाही.

यार्डात दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. आता मी शिडीजवळून गेलो तरी कोणीतरी म्हणतं, "सांभाळून रे, उडीबिडी मारशील." हसत म्हणतात. मिस्त्रीला माझ्याबरोबर उचलणारी माणसं आहेत ही.

कपाटाच्या वरच्या खणात, शर्टांच्या मागे ती पाकिटं होती. ही बाजारात गेली होती आणि मी सेक्रेटरींकडे. तेवढ्यात उघडलंस ना? आणि नाव वाचून तुमच्या कॉलेजातल्या फार्मासिस्टला विचारलंस, हे साहेबांनीच ऐकवलं. म्हणजे त्यालाही माहीत आहे.

तू बाबांचं लिहिलं होतंस. मलाही बाबाच आठवत होते. ते आजारी पडले तेव्हा तू मदत मागायला सगळी गल्ली पालथी घातलीस. तू लहान होतीस, घाबरली होतीस, तुला दोष देत नाही. पण त्यानंतर ते दुकानात गेले की दुकानदार सुटे पैसे देताना विचारायचा, "आज डोकं कसं आहे?" ते घराबाहेर पडेनासे झाले ते आजारानं नाही, त्या प्रश्नानं. मी त्यांच्याबरोबर असायचो, त्यांचं बोट धरून. तू नसायचीस.

म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर, ही आणि मी. माझे डॉक्टर लिहून द्यायला तयार होते की मी क्रेन चालवू शकतो. गोळीमुळेच चालवू शकत होतो. फक्त तेवढंच सांगून भागणार होतं. तू शनिवारी आली नसतीस तर.

टिल्लू


१० एप्रिल

टिल्लू,

तुझं पत्र चारदा वाचलं. दाजींना वाचायला दिलं नाही.

हो, मी उघडलं. तू म्हणतोस तेव्हाच. मला वाटलं होतं, आत काहीतरी भयंकर सापडेल. ती पाकिटं सापडली आणि फार्मासिस्टने फोनवर सांगितलं तेव्हा मी तुझ्या पलंगावर बसून रडले, सुटले म्हणून. माझा भाऊ नशा करत नाही, आजारी आहे आणि औषध घेतो आहे. मला वाटलं, हे त्या माणसांना कळलं की तेही सुटल्यासारखे होतील. साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, बरं झालं तुम्ही आलात. मी फार हुशार वाटले स्वतःलाच.

पण मलाही राग आहे, तोही लिहिते. तू सांगितलं असतंस तर मी कपाट उघडलं असतं का? तू मला "विश्वास ठेव" म्हणालास. त्या मुलीनेही हेच म्हटलं असतं. मला कसं कळावं, कोणाचं गप्प बसणं कशाचं आहे? आणि तू वर बसायचास, खाली माणसं असायची. त्यांच्या वतीनं कोणी काही विचारायचंच नाही का? मिस्त्रीच्या बायकोला जाऊन विचार.

गल्लीचं जे लिहिलंस, ते मला माहीत नव्हतं. दुकानदाराचं. एवढी वर्षं तू सांगितलं नाहीस.

मी परत साहेबांकडे जाऊन बोलू का? की नको? तू म्हणशील तसं.

ताई


४ मे

वन्सं,

त्यांनी तुमचं पत्र वाचलं, घडी करून ठेवलं आणि उत्तर काही लिहीत नाहीत. म्हणून मी लिहिते आहे. त्यांना सांगूनच लिहिते आहे.

साहेबांकडे जाऊ नका. एवढं करा.

दुसरं माझ्याकडचं. मिस्त्री गेल्यानंतर हे जेवणावर बसायचे आणि ताटाकडे बघत राहायचे. डॉक्टरकडे मी नेलं. पहिले दोन महिने गोळी हातावर मी ठेवायची. तुम्ही त्या दोन दिवसांत माझ्या स्वयंपाकघरात माझ्याबरोबर भाजी निवडत होतात. मला विचारलं असतंत तर कदाचित मी सांगितलंही असतं. कपाट माझंही आहे. खालचे दोन खण माझे आहेत. तेही हलवलेले होते.

रागाने लिहीत नाही. थोडं रागानेच.

दाजींना नमस्कार.


१९ जून

टिल्लू,

तुझ्या बायकोचं पत्र मिळालं. तिला वेगळं लिहिलं आहे, ते तिचं आणि माझं.

तू उत्तर देत नाहीस, तरी लिहिते. इथे संचालकांनी फर्मान काढलं आहे. बाहेर कुठेतरी मुलींकडे काही सापडलं, म्हणून आता आमच्या सगळ्या मुलींची लघवीची तपासणी करायची, आणि निकाल आईवडिलांना पाठवायचा. देखरेखीला मी. मी म्हणाले, निकाल कॉलेजच्या डॉक्टरबाईंकडे जाईल, आधी त्या मुलीशी बोलतील. संचालक म्हणाले, "मॅडम, तुम्हीच तर कपाटं उघडता."

कपाटं मी अजून उघडते. तुला खोटं सांगणार नाही. पण आता मुलगी समोर असल्याशिवाय हात लावत नाही, आणि आतल्या कपड्यांना तर नाहीच. याने एखादी मुलगी माझ्या नजरेतून सुटेल का, हा विचार पाठ सोडत नाही. आधी लाजेचं ओझं त्यांच्यावर होतं, आता भीतीचं माझ्यावर आहे. कुठलं बरोबर आहे, मला ठरवता येत नाही. फक्त तुझ्या कपाटाचं चुकलं, हे ठरलं आहे.

संचालक माझ्यावर खूश नाहीत. मुलीही नाहीत. तूही नाहीस. एकटे दाजी खूश आहेत, कारण गुडघा बरा आहे.

ताई


२७ ऑगस्ट

ताई,

बरेच दिवस लावले. बघ, आता कुठे जमतंय.

गोदीत करार झाला. सेक्रेटरींनी चिकाटी सोडली नाही. तपासणीच्या वेळी दार बंद, गार्ड बाहेर. औषधांबद्दल फक्त बाहेरचा डॉक्टर विचारणार, बंद खोलीत, आणि कंपनीला लायक की नालायक एवढंच सांगणार. पिशव्या अजून उलट्या करतात. ॲपबद्दल तर बोलायलाही तयार नाहीत. पण औषधाचं झालं.

मी अर्ज केला की नव्या नियमाप्रमाणे मलाही डॉक्टरकडे पाठवा. साहेब म्हणाले, हा नियम ज्यांची माहिती गुप्त आहे त्यांच्यासाठी आहे. तुझी माहिती कंपनीकडे आधीच आहे, आता ती माहीत नाही असं कसं धरायचं? ज्या नियमासाठी भांडलो, तो सगळ्या यार्डाला लागू आहे, मला सोडून. सेक्रेटरींनी वर अपील केलंय. तारीख मिळेल तेव्हा मिळेल. तोपर्यंत मी खाली उभा राहून वरच्याला हात दाखवतो, डावीकडे, उजवीकडे, थांब. मान वर करून करून दुखते.

मागच्या महिन्यात क्रेनच्या केबिनमधल्या एकाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, झोप लागत नाही, छाती धडधडते, कोणाला दाखवू? मी माझ्या डॉक्टरांचं नाव दिलं. कोणाला सांगितलं नाही. तुलाही तो कोण ते सांगत नाही.

तुझ्या प्रश्नावर विचार केला. खाली माणसं असतात, तेव्हा विचारायचा हक्क आहे, हे मलाही मान्य आहे. मिस्त्रीच्या बायकोकडे गेलो होतो. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तपासायला हवंच. पण माझ्या माणसाच्या नावावर तुम्हाला असं वागवलेलं त्याला चाललं नसतं."

राग गेला असं लिहिणार नाही. रोज शिडीजवळून जाताना येतो, मग घरी येईपर्यंत कमी होतो. पण एक गोष्ट राहून गेली आहे. तुला गोळीचं नाव माहीत आहे, ती कशावर देतात ते फार्मासिस्टने सांगितलं. मला काय होत होतं, ते तू अजून कोणाकडूनही ऐकलेलं नाहीस.

असं व्हायचं, ताई. सकाळी जाग यायची आणि अंगावर पांघरुणाऐवजी ओलं वाळूचं पोतं टाकल्यासारखं वाटायचं. हिचं बोलणं ऐकू यायचं, पण भिंतीपलीकडून आल्यासारखं. खायचो, चव नसायची. मिस्त्रीचा बूट दिसायचा, फक्त बूट, कुठेही. भाजीच्या दुकानात, दाढी करताना आरशात. मरावंसं वाटत नव्हतं, हे तुला नक्की सांगतो. फक्त कशाचंच काही वाटत नव्हतं. गोळी सुरू झाली आणि सातआठ आठवड्यांनी एकदा ही काहीतरी बोलली आणि मी हसलो. तिने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

हे मी आपणहून सांगतोय. तू शोधलेलं नाहीस.

दाजींना यातलं किती सांगायचं ते तू मला विचारून ठरव.

टिल्लू